चौथा पाय

मेलेल्या माणसाच्या पलंगावर मला झोप लागली. चूक एवढीच.

घरात ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की मी नुसता घसा खाकरला तरी थोरली म्हणते, "बाबा, मागच्या वेळी मच्छरदाणी निळी होती. आज पांढरी कशी झाली?" मच्छरदाणीचा रंग मला खरंच आठवत नाही. आत शिरलो आणि डोळे मिटले. बाकी सगळं आठवतं. नव्या पॉलिशचा वास आठवतो. उशीच्या अभ्र्याची घडी आठवते. आणि पलंगाचे पाय. चारातले तीन तर अगदी जवळून पाहिलेत.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात. मी पंधरा-सोळा वर्षांचा. आई आणि मी नाशकात गोदावरीच्या घाटावर राहत होतो. राहत होतो म्हणजे पायरीवर. गाव आमचं बागलाणात, नामपूरच्या बाजूला. वडील कांद्याच्या बाजारात हमाली करायचे. ते गेले आणि चुलत्यांनी घराला आतून कडी लावून घेतली. आम्ही बाहेर राहिलो ते राहिलोच. एसटीने नाशकात उतरलो. पाठ टेकायला जागा शोधत शोधत नदीपाशी आलो. नदीपाशी कोणी उठवत नव्हतं. म्हणजे उठवायचे, रोज उठवायचे, पण परत बसता यायचं.

घाटावर झोपायची एक रीत असते. चपला काढायच्या आणि डोक्याखाली घ्यायच्या. त्याने दोन कामं होतात, उशी होते आणि चपला राहतात. पाठ भिंतीला लावायची. गाठोडं पोटाशी. झोपायचं, पण पुरतं झोपायचं नाही. पुरतं झोपलेल्या माणसाचं घाटावर काही शिल्लक राहत नाही. अशा झोपेत गाढ झोप काय असते हे माझं शरीर विसरून गेलं होतं.

त्या दिवशी घाटालगतच्या मांडवात एका मोठ्या घरच्या म्हाताऱ्याचं तेरावं होतं. तेराव्याला मेलेल्याच्या नावाने गुरुजींना पलंग दान देतात. शय्यादान. पलंग, कापसाची गादी, उशी, चादर, मच्छरदाणी, छत्री, वहाणा, पाण्याचा तांब्या. मेलेल्याची वर गैरसोय होऊ नये म्हणून. खाली घाटावर आमची काय सोय होती हे कोणी विचारलं नव्हतं, पण वरची व्यवस्था चोख होती.

मी सकाळपासून त्याच मांडवाचं सामान टेम्पोतून उतरवत होतो. तो पलंगही माझ्याच डोक्यावरून आत आला. तेव्हा कोणी जात विचारली नाही. ओझं उचलणाऱ्याची जात विचारत नाहीत.

मग पंगत बसली. मांडवाचा हा कोपरा रिकामा झाला. मी पलंगाजवळ उभा. थंडीचे दिवस, रात्रभर दगडाचा गारवा अंगात मुरलेला. मी विचार केला, पलंगाचा जुना मालक मेला, नवा मालक जेवतोय. मधल्या वेळात पलंग कोणाचाच नाही. हा विचार मला आजही बिनचूक वाटतो. मी नुसतं टेकायचं ठरवलं होतं. टेकलो. मग पाय वर घेतले. मग मच्छरदाणी खाली सोडली, कारण ती होती. आणि मग मी मेलो. म्हणजे झोपलो.

जागा झालो ते किंकाळीने. घरातली एक सून वाढायचं भांडं घेऊन तिकडून चालली होती. तिला जाळीतून पाय दिसले. हातातलं भांडं टाकून ती ओरडली, "मामंजी! अगं बाई, मामंजी आले!"

पंगत उठली. काहीजण पळाले, काहीजणांनी हात जोडले. एक म्हातारी तर हात जोडून पळाली. इथपर्यंत आमची मुलं हसतात. मीही हसतो. यापुढचं मी त्यांना बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

मच्छरदाणी वर झाली. समोर त्या घराचा थोरला मुलगा. डोक्याचं मुंडण, अंगावर सोवळं. सगळे त्याला दादासाहेब म्हणत होते. त्याने दोन बोटांची चुटकी वाजवली. कुत्र्याला उठवतात तशी.

"खाली उतर."

मी उतरलो.

"जात?"

तेवढ्यात आई धावत आली. तिला वाटलं मला कोणी मारतंय. प्रश्न तिलाही ऐकू गेला होता. ती ताठ उभी राहून म्हणाली, "आमी बौद्ध शेतस."

"म्हणजे तेच," मागून कोणीतरी म्हणालं.

आता हा पलंग गुरुजी घेणार नव्हते. आमची पाठ लागली म्हणजे पलंग गेला. डोक्यावर घेतला तेव्हा विटाळ नव्हता, पाठ टेकली तेव्हा झाला. दादासाहेबांनी आवाज चढवला नाही. असल्या माणसांना चढवावा लागत नाही. ते म्हणाले, "मारू नका रे त्याला. आज वडिलांचं तेरावं आहे." आणि मग मला म्हणाले, "पलंगाच्या पायाला नाक घास. चारी पायांना. चुकलो म्हण."

मी गुडघ्यावर बसलो. खोटं कशाला सांगू, लगेच बसलो. भूक होती, भीती होती, आणि पंगतीतलं उरलेलं मिळेल अशी आशाही होती. पहिल्या पायाला नाक घासलं. चुकलो. दुसऱ्या पायाला. चुकलो. तिसऱ्याला घासताना नाकाचं सालटं निघालं. चुकलो. चौथ्यापाशी सरकलो, वाकलो, आणि त्या ताज्या पॉलिशने मला शिंक आली.

लोकांना वाटेल इथे काहीतरी मोठं झालं. काही नाही. शिंक. एक आली, दुसरी आली, तिसरी आली. शिंका येताना माणूस नाक घासू शकत नाही. मी थांबलो. आणि थांबल्यावर मला कळलं की थांबता येतं.

एवढंच माझं बंड. नाकातून आलेलं.

मी वर पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "आते बस. ऊठ भाऊ. पलंग त्यास्ना शे, नाक आपलं शे."

मी उठलो. दादासाहेब म्हणाले, "एक पाय राहिलाय." मी म्हणालो, "राहू द्या." माझा आवाज फुटायच्या वयातला, त्यामुळे ते वाक्य निम्मं जाड आणि निम्मं बारीक निघालं. कानाखाली बसली. आईलाही ढकललं. पण नाक परत लागलं नाही.

मग त्यांनी गादी बाहेर ओढली. लाकूड धुऊन घेता येतं, कापूस धुता येत नाही. गादीवर रॉकेल ओतलं आणि आमच्या पायरीसमोर पेटवली. थंडीने काकडणाऱ्या माणसांसमोर नवी कोरी गादी. आम्ही सगळे घाटावरचे गोळा झालो. कोणीतरी सवयीने हात शेकायला पुढे केले. त्यावर दादासाहेब त्यांच्या माणसांना म्हणाले, आम्हाला ऐकू येईल असं म्हणाले:

"दगडावर झोपणाऱ्याने दगडावरच झोपावं. गादीची सवय लागली की माणूस अंगावर येतो."

ते गेल्यावर शेवंताआक्काने त्या आगीवर नदीचं पाणी ओतलं. आक्का म्हणजे आमच्या शेजारच्या पायरीवरची बाई. नवऱ्याने टाकलेली, तेव्हा पस्तिशीची असेल. तिने जळकी गादी पायाने तुडवली, आतला वाचलेला कापूस ओंजळीने काढला आणि पदरात बांधला. तिचं सगळ्यांनी हसं केलं. मीही केलं.

आई पुढे दोन वर्षांनी गेली. खोकला होता. गेली ती पायरीवरच, चपला डोक्याखाली घेऊन. मी चपला काढून घेतल्या आणि माझ्या मांडीवर डोकं घेतलं. एवढीच काय ती तिला मिळालेली उशी. त्या दिवशी मी ठरवलं की तो चौथा पाय मी विसरणार नाही. मी घासणार नव्हतोच. कोणाला तरी घासायला लावणार होतो.

असा मी सुडाने पेटलेला माणूस. आणि झालो काय, तर दवाखान्यात झाडू मारणारा.

हा दवाखाना आमच्या डॉक्टरबाईंचा. आईच्या खोकल्याला त्यांनी औषध दिलं होतं, ती गेल्यावर त्यांनी मला कामाला ठेवलं. रात्रशाळेत घातलं. मी दहावीला बसलो, पडलो, परत बसलो. पुढे लग्नही झालं. सुमन बौद्ध वस्तीत वाढलेली, बालवाडी चालवणारी, माझ्यापेक्षा शिकलेली. लग्नाच्या पहिल्या रात्री मी चपला उशीखाली घेऊन झोपलो. तिने त्या खिडकीतून बाहेर फेकल्या. म्हणाली, "ह्या घरात चपला चोरायला कोण येणार आहे? मी?" तरी कितीतरी महिने माझा हात झोपेत उशीखाली जायचा.

डॉक्टरबाई घाटावरच्या लोकांवर फुकट इलाज करायच्या. माणूस बरा व्हायचा, घाटावर जायचा, महिन्याभरात परत आजारी. कोणाचा क्षय, कोणाचं डोकं फिरलेलं, कोणाची दारू. एक दिवस त्या चिडून म्हणाल्या, "मी गोळी देते आणि परत दगडावर पाठवते. हा कसला इलाज?" दोन हजार सालानंतरची गोष्ट. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांचे पेशंट होते. इंदिरानगरच्या कडेला त्यांची एक बंद इमारत होती, पूर्वी कामगारांना भाड्याने द्यायचे. बारा खोल्या. ती त्यांनी बाईंच्या संस्थेला वापरायला दिली.

बाईंनी सगळ्यांत आधी नियम ठरवला, आणि तो नियम ऐकून संस्थेतले दोन सभासद सोडून गेले. आधी खोली द्यायची. दारू सोड मग खोली, औषध घे मग खोली, असं नाही. खोली आधी. किल्ली त्याच्या हातात. मग नर्स येईल, औषध येईल, पेन्शनचं बघू, कामाचं बघू. पण काही झालं तरी खोली जाणार नाही. मी काळजीवाहक. खाली दोन खोल्यांत मी, सुमन आणि मुली.

मी फक्त एक मागणी केली. प्रत्येक दाराला कडी आतून हवी. बाई म्हणाल्या, "कोणाला फिट आली तर?" मी म्हणालो, "तर दार मी तोडेन. पण कडी आतून." चुलत्यांच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो आवाज एकदा आपल्या बाजूने ऐकायचा होता.

लोक आणणं सोपं नव्हतं. वर्षानुवर्षं उघड्यावर काढलेल्या माणसाला छप्पर लगेच मानवत नाही. पहिले काही आठवडे सगळे खोल्यांसमोरच्या व्हरांड्यात झोपायचे. खोल्या रिकाम्या, व्हरांडा भरलेला. तात्या म्हणून एक होता, दारू पिऊन यायचा आणि आपल्याच दारावर थाप मारून विचारायचा, "कोणी आहे का आत?" शेवंताआक्काला मीच घाटावरून आणली. आता केस पांढरे झालेले, गुडघे गेलेले. ती खोलीत झोपायची, पण दार सताड उघडं ठेवून, जमिनीवर. डोक्याखाली एक काळी, कळकट उशी. मी म्हणायचो, "आक्का, दार लाव की."

"दार लावलं की भाईर काय चाललंय त्ये कसं कळंल?"

"बाहेर काही चाललेलं नाही."

"तुला काय म्हाईत? तूबी आतच असतोस."

सुमनने सगळ्यांना परत स्टोव्ह पेटवायला शिकवलं. आक्काने पहिली भाकरी थापली ती घरभर फिरवून दाखवली. जळली होती. आम्ही सगळ्यांनी एकेक तुकडा खाल्ला.

कॉलनीला मात्र आम्ही नको होतो. सह्यांचा कागद झाला. गेटवर बायका-पुरुष येऊन उभे राहिले. "हा फॅमिली एरिया आहे," म्हणाले. नळाची लाइन कॉलनीच्या रस्त्याखालून होती. ती तोडायच्या गोष्टी निघाल्या. पाणी गेलं असतं तर बारा माणसं परत पायरीवर. आणि तेवढ्यात डॉक्टरबाई आनंदाने सांगत आल्या, "काम झालं. कॉलनीचे जे प्रमुख आहेत ना, त्यांच्या आईचं वर्षश्राद्ध आहे. तिच्या नावाने ते बारा पलंग देतायत. गाद्यांसकट. ते आपल्या बाजूने आले की कॉलनी गप्प बसेल."

दुसऱ्या दिवशी ते जागा बघायला आले. केस आता होते, सोवळ्याच्या जागी सफारी. मी ओळखलं नाही. त्यांनी मला बोलवायला दोन बोटांची चुटकी वाजवली आणि माझं नाक हुळहुळलं.

त्या दिवशी मी सुमनला सगळं सांगितलं. तीन पाय तिला आधीच माहीत होते. मी म्हणालो, "तोच आहे. आता बघ. चारचौघांत चौथ्या पायाला नाक घासायला लावतो की नाही."

सुमन भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आधी पलंग आत येऊ द्या."

पलंग आले. लाकडी, भक्कम. डोक्याकडच्या फळीवर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं. खोल्याखोल्यांतून पॉलिशचा वास सुटला. कार्यक्रमाच्या सकाळी कॉलनीतली मंडळी नटूनथटून आली. पहिल्यांदाच आत आली. दादासाहेबांच्या मागे एक सुतारही आला, हातात पिशवी घेऊन. मी विचारलं, हा कशाला? तर दादासाहेब बाईंना म्हणाले, "आतल्या कड्या काढून बाहेरून लावायच्या आहेत. संध्याकाळी बंद, सकाळी उघडायच्या. मी कॉलनीला तसा शब्द दिलाय. त्याशिवाय पाण्याचं काही मी बोलू शकणार नाही."

बाई म्हणाल्या, "हे आपलं ठरलं नव्हतं."

"ठरवू की. आधी दान होऊ द्या."

सुरुवात शेवंताआक्काच्या खोलीपासून. खोलीत दादासाहेब, बाई, मी. दारात कॉलनी, व्हरांड्यात बाकीचे रहिवासी. आक्का सुमनची साडी नेसून पलंगाशेजारी उभी, अंगठे चोळत. दादासाहेब म्हणाले, "आजी, दान आहे हे. आधी पलंगाच्या पायाला डोकं टेकवायचं, मग बसायचं."

आक्का वाकायला लागली. गुडघे दुखत होते म्हणून सावकाश वाकत होती. दादासाहेब लोकांकडे वळून, समजावून सांगावं तसं म्हणाले, "यांना सवय नसते ना. एकदम गादी दिली की माणूस अंगावर येतो. म्हणून थोडी शिस्त."

आक्का वाकता वाकता थांबली. अर्धी वाकलेली, तशीच तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो त्योच की रं."

"तोच आक्का. ऊठ."

ती उठली. मी दादासाहेबांसमोर उभा राहिलो. इतकी वर्षं पाठ केलेलं भाषण माझ्याजवळ होतं. शब्द न् शब्द तयार. तोंड उघडलं आणि पॉलिशने शिंक आली. भाषण गेलं. जेमतेम एवढं बोललो, "घाटावर तुमच्या वडिलांच्या पलंगावर झोपलेला पोरगा मी. तीन पायांना नाक घासलं होतं. एक राहिलाय. आज तुम्ही घासा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला दिसलं, त्यांना काहीही आठवत नव्हतं. ते नाटक करत नव्हते. खरंच आठवत नव्हतं. "कुठला पलंग?" ते म्हणाले. "आम्ही पुष्कळ पलंग दिलेत."

माझ्या आयुष्याची आग, आणि त्यांच्या लेखी धूरसुद्धा नाही. त्या थपडेपेक्षा हे जास्त लागलं.

माझं काही चालेना तेव्हा आक्का पुढे झाली. तिने ती काळी उशी उचलली आणि कोऱ्या गादीवर, बरोबर मधोमध ठेवली.

"ए, ते घाण काय ठेवतेस?" दादासाहेब ओरडले. "फेका ते!"

"घाण नाय दादासाहेब, तुमच्या बापाची गादी हाय," आक्का म्हणाली. "तुमी जाळली. जळाली ती जळाली, ऱ्हायल्यालीची मी उशी केली. अजून एक डागबी निघाला नाय त्याचा. कापूस मात्र लय चांगला व्हता."

आता आठवलं. चेहऱ्यावर दिसलं. हात नकळत रुमालाकडे गेला, रुमाल नाकावर. स्वतःच्या बापाची गादी, पण आक्काचं डोकं लागलेली. मागे सरताना त्यांची पाठ दाराला लागली.

"उचला पलंग," ते हमालांना म्हणाले. "सगळे टेम्पोत घाला. यांची लायकी नाही. बाई, पाण्याचं तुमचं तुम्ही बघा."

हमाल आत आले. त्यांनी पलंगाला हात घातला. डॉक्टरबाई मध्ये पडून काहीतरी विनवत होत्या. आणि मला अचानक दिसलं. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं ते आत्ता दिसलं.

"आक्का," मी म्हणालो, "झोप."

"आँ?"

"पाय वर घे आणि झोप. जशी आहेस तशी."

आक्का झोपली. धुळीच्या पायांनी, सुमनच्या चांगल्या साडीसकट, काळ्या उशीवर डोकं ठेवून. मी व्हरांड्यात धावलो. "झोपा रे सगळे! आपापल्या पलंगावर! पाठ टेकवा!"

मग तात्या, सकाळीच घेतलेला, म्हणाला, "मला तर कधीचीच झोप आलीय." तो आपल्या दारावर थाप न मारता सरळ आत गेला. त्याच्यामागे बाकीचे. धडाधड. चपलांसकट, बिडीसकट. एकाने तर भाजीची पिशवी घेऊन अंग टाकलं. बारा पलंगांवर बारा पाठी. पुढच्या क्षणी कोणीतरी घोरायचं सोंग करायला लागलं आणि मग सगळेच घोरायला लागले.

हमाल थांबले. मी दादासाहेबांना म्हणालो, "आता न्या."

त्यांनी नाकावरचा रुमाल आणखी घट्ट दाबला.

"न्या की. आमची पाठ लागली. हे पलंग आता तुमच्या घरात चालणार नाहीत, दुसऱ्या कोणाला देता येणार नाहीत. हा नियम माझा नाही, तुमचा आहे. फार तर जाळता येतील. जाळायचे तर इथेच जाळा. पण या वेळी वर माणसं आहेत."

दारातल्या कॉलनीने खाली पाहिलं. एकही माणूस पुढे आला नाही, हमालसुद्धा नाही. दादासाहेबांनी चुटकी वाजवायला बोटं उचलली आणि नुसती तशीच धरून ठेवली. मग ते निघाले. सुतार त्यांच्यामागे, पिशवी तशीच. माझ्यासमोरून जाताना पुटपुटले, "बघून घेईन." मी म्हणालो, "बघा. पत्ता आता कायमचा आहे."

ते गेटपर्यंत पोचले असतील तेव्हा आक्काच्या खोलीचं दार लागलं. आणि आतून कडी. खट्. मग तात्याची. मग पुढची, मग त्याच्या पुढची. सगळा व्हरांडा खट्खट् वाजला. मी तिथे उभा राहून ऐकत होतो. बाहेर होतो आणि तरी या वेळी मला कोणी बाहेर काढलेलं नव्हतं.

सगळं गोड झालं असं नाही. कॉलनीने लाइन तोडली. बरेच महिने आम्ही टँकरवर काढले, हंडे वाहून सुमनची पाठ गेली. तक्रारी झाल्या, चौकशा झाल्या. डॉक्टरबाई त्याच दुपारी माझ्यावर भडकल्या. "बारा माणसांचं छप्पर पणाला लावलंस. हे तू त्यांच्यासाठी केलंस की स्वतःसाठी? खरं सांग."

मी म्हणालो, "स्वतःसाठी."

त्यांना दुसरं उत्तर हवं होतं, पण ते खोटं झालं असतं. मी सूडच घेतला. त्याची मला लाज नाही. सुडाच्या भरात माणसं खून करतात. मी बारा जणांना झोपवलं. म्हणालो, बाई, तुमची दया कड्या बाहेरून लावायला जवळजवळ तयार झाली होती. माझा सूड तयार झाला नाही. एवढं त्यांना तोंडावर बोललो आणि मग घाबरून त्यांना चहा करून दिला. त्यांनी चहा घेतला. टँकरचा फोनही त्यांनीच लावला.

फळ्यांवरची नावं दुसऱ्या दिवशी रंधा मारून काढली. एकही पलंग परत गेला नाही.

कार्यक्रमाच्याच दिवशी संध्याकाळी मी घरी बसलो होतो. मुलींना दोनदा सगळं करून दाखवलं होतं, हमालाचं, दादासाहेबांचं, आक्काचं. तिसऱ्यांदा करू लागलो तेव्हा त्या उठून गेल्या. मग माझं मन खट्टू झालं. सुमनला म्हणालो, "तरी एक राहिलंच. चौथ्या पायाला नाक काही घासलं नाही त्याने."

ती आक्काची मळलेली साडी भिजत घालत होती. वळलीसुद्धा नाही.

"त्याचं नाक कशाला हवंय आपल्या पलंगाला? पुसायचं परत मलाच," सुमन म्हणाली. "उद्या घाटावर जा. अजून दगडावर आहेत ते बघून या. आणि येताना कड्या आणा. आतून लागणाऱ्या."